गेरू बँडमधले बिडवई

उज्जैनच्या मराठी मंडळींत कुठलंही कार्य निघालं की गोपाळकृष्ण बिडवईचं नाव सगळ्यांत आधी निघे आणि त्याचं पान सगळ्यांत शेवटी मांडलं जाई. त्याला त्यात काही वावगं वाटत नसे. बिडवईंच्या घरची रीतच तशी होती. आधी पाहुणे, मग ओळखीचे, आणि वाढून वाढून ज्यांचे हात भरून आले ते घरचे शेवटच्या पंगतीला. त्याचे वडील तात्या म्हणायचे, "यजमान उपाशी राहिला तर कुणाला कळत नाही. पाहुणा उपाशी गेला तर गावाला कळतं."

तात्यांनी त्याला दोन गोष्टी दिल्या. एक पाणीपुरवठ्याच्या कचेरीतली कारकुनी आणि दुसरा ढोलक. तात्या मराठी भजनी मंडळात वाजवायचे. पण सुट्टीच्या दिवशी गोपाळला सायकलवर पुढे बसवून ते आसपासच्या खेड्यांत निर्गुणी भजनं ऐकायला न्यायचे. तिथे तंबुरा, मंजिरा आणि ढोलक, एवढ्यावर शेतकरी मंडळी तासन्‌तास गात. मंडळातला ढोलक देवळाच्या पायऱ्या चढल्यासारखा वाजायचा, आणि खेड्यातला ढोलक लांबच्या वाटेला लागलेल्या माणसासारखा. गोपाळच्या हातात दोन्ही चाली बसल्या, पण मन दुसरीवर होतं. मंडळात ती वाजवली की म्हातारे डोळे वटारायचे.

ब्याण्णव साली सिंहस्थाची गर्दी ओसरली आणि माधव नगरातल्या गच्च्यांवर परातीसारख्या डिश दिसायला लागल्या. भय्यासाहेब खासगीवाल्यांचा अनय तेव्हा कॉलेजात होता. खासगीवाले जुन्या दरबारी घराण्यातले. दरबार कधीच गेला होता, पण भय्यासाहेबांचा आवाज अजून दरबारातलाच होता. अनय दिवसभर टीव्हीवर लांब केसांचे परदेशी वादक बघायचा. त्यानं इंदूरहून इलेक्ट्रिक गिटार आणली. रेल्वेतल्या करमरकरांचा तुषार बेस गिटार शिकला. जयू मुंगी कॉन्व्हेंटात एका सिस्टरकडे चर्चचा ऑर्गन शिकली होती, ती कीबोर्डवर आली. गणेशोत्सवात यांना अर्धा तास मिळाला, आणि ऐन आदल्या दिवशी ड्रम वाजवणारा मित्र आजारी पडला.

अनय गोपाळच्या घरी आला. गोपाळ तेव्हा पस्तिशीचा, ही मुलं विशीची.

"दादा, आमचा ड्रमवाला कावीळ होऊन पडलाय. तुम्ही येता का?"

"मला इंग्रजी गाणी येत नाहीत रे."

"वाजवायला इंग्रजी कशाला लागतंय? चार मोजायचे फक्त."

"चारच? मग बाकीच्यांचं मी काय करू?"

पण तो गेला. त्यानं ढोलक मांडीवर घेतला, उजवा पाय मोठ्या ड्रमच्या पेडलवर ठेवला आणि डाव्या पायात मीनाच्या जुन्या पेटीतले घुंगरू बांधले. मीना त्याची बायको. ती म्हणाली होती, "एवढं करताय तर नाकात नथही घाला." पहिलं इंग्रजी गाणं सुरू झालं तशी पुढच्या रांगेतली वयस्कर मंडळी चहाला उठली. दुसऱ्या गाण्याला गोपाळचे चार मोजायचे राहून गेले. हात आपोआप खेड्यातल्या वाटेला लागला. जयूनं ते ओळखलं आणि खाली चर्चसारखे जाड, लांब सूर धरले. अनयची गिटार वर करवादत राहिली. चहाला उठलेली मंडळी दारात थांबली, आणि त्यातले दोघेचौघे परत येऊन बसले.

'गेरू' बँड त्या संध्याकाळी झाला, असं नंतर सगळेच म्हणायचे. कुणाच्या हातून झाला, ते प्रत्येकजण आपापल्या परीनं सांगायचा.

नाव पडलं ते भैरवगढमुळे. तिथे कापडावर ठसे छापणाऱ्यांची एक शेड रिकामी पडली होती, ती सरावाला मिळाली. भिंतींवर गेरूसारख्या लाल रंगाचे डाग होते, बसलं की कपड्यांना लागायचे. शेजारच्या शेडमध्ये छपाईचे ठोके चालत. तुषार माळवी-हिंदीत गाणी लिहू लागला: विहिरीवरची, बंद गिरणीच्या भोंग्याची, आखाताला गेलेल्या भावाची. पहिली दोन वर्षं भजनाच्या चालीवर गिटार टाकल्यासारखं वाटायचं, जोड दिसायची. मग ती दिसेनाशी झाली. ढोलक गिटारच्या मागे धावत नसे, उलट गिटार ढोलकच्या श्वासावर थांबायला शिकली. इंदूरच्या एका पेपरवाल्यानं लिहिलं की हे भजन आहे की धिंगाणा हे ठरवता आलं नाही, पण मध्येच उठून जाताही आलं नाही. अनयनं ते कात्रण शेडच्या भिंतीला चिकटवलं.

देवास, इंदूर, भोपाळ, कॉलेजांची संमेलनं, सगळीकडे 'गेरू' जाऊ लागला. गोपाळ कचेरीतली रजा साठवून ठेवायचा आणि सगळी तिथे घालायचा. वायरी गुंडाळणं, टेम्पो ठरवणं, जयूला घरी पोहोचवून तिच्या आईला तोंड दाखवणं, हीही कामं त्याचीच. कुठे राहायची सोय झाली की खाटा मुलांना आणि दादा सतरंजीवर. कुणी त्याला तसं सांगितलं नव्हतं. तो म्हणायचा, "तुम्ही पाहुणे रे गावातले, मी काय, घरचा."

सत्त्याण्णव साली इंदूरला भिंतींना गाद्या लावलेल्या एका खोलीत पहिली कॅसेट निघाली. कव्हरवर भैरवगढच्या शेडसमोरचा फोटो होता. त्यात तिघंच. कॅमेरा गोपाळच्या हातात होता.

"एखाद्या रिकामटेकड्याला बोलावून धरायला द्यायचा होता," मीना म्हणाली.

"रिकामटेकडा कुठून आणू? सगळे फोटोत होते."

मीना हसली नाही. वीस वर्षं एकाच टेबलाशी पाण्याची बिलं लिहिणाऱ्या या माणसाला कशाची आस आहे, ते तिला ठाऊक होतं. कचेरीत तो बिडवई बाबू होता, समाजात वाढपी होता. त्या शेडमध्ये मांडीवर ढोलक घेऊन बसला की तेवढ्यापुरता तो कुणीतरी होता. ती जागा राहावी, एवढंच त्याला हवं होतं. आणि ते त्यानं कधी कुणाला सांगितलं नाही, कारण घरच्यांनी मागायचं नसतं.

कॅसेट मुंबईपर्यंत गेली. पुढच्या वर्षी एका कंपनीचे बत्रा नावाचे गृहस्थ उज्जैनला आले. आधी महाकालाचं दर्शन आणि मग खासगीवाल्यांकडे जेवण. भय्यासाहेबांनी पुरणपोळीचा बेत केला. मीनाला पोळ्या लाटायला बोलावलं होतं.

बत्रांसाठी खुर्ची-टेबल, बाकीच्यांना पाट. अनय, तुषार, जयू, भय्यासाहेब आणि बत्रांबरोबर आलेले दोघे अशी पहिली पंगत बसली. गोपाळ हात धुऊन पाटाकडे वळला तेवढ्यात भय्यासाहेब म्हणाले, "अरे गोपाळ, तू घरचाच. तू तूप घे वाढायला. तुझ्यासारखी धार कुणाला जमत नाही."

गोपाळनं तुपाचं भांडं घेतलं.

बत्रांना पुरणपोळी आवडली. त्यांनी दुसरी घेतली आणि कामाचं काढलं. "देखो अनय, साउंड फ्रेश है। लेकिन चेहरे भी फ्रेश चाहिए। आप तीनों ठीक हो। ये जो ढोलक है, इसका क्या करना है?"

"ढोलक तर सर आमची पहचान आहे," जयू म्हणाली. गडबडीत ती मराठीत बोलली आणि मग हिंदीत तेच परत म्हणाली.

"तो मैं कब मना कर रहा हूं, बेटा? ढोलक चाहिए। ढोलकवाला नहीं चाहिए। एक दिन स्टूडियो में बिठा दो, एक-एक बोल मशीन में ले लेंगे। फिर मशीन बजाएगी। न छुट्टी मांगेगी, न बूढ़ी होगी।"

त्यांच्याबरोबरचे दोघे हसले. गोपाळ त्या वेळी बत्रांच्याच शेजारी उभा होता. कुणी त्यांना सांगितलं नव्हतं की ढोलकवाला हाच. जयू अनयकडे बघत होती. अनयनं पोळीचा तुकडा मोडला, तो दुधात बुडवला, पुन्हा बुडवला.

"दादांचा काही प्रॉब्लेम नाही," तो शेवटी म्हणाला. "दादा घरचेच आहेत. क्यों दादा?"

सगळ्यांनी वर पाहिलं. बत्रांनीही पाहिलं आणि त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी टेबलावरचा हात किंचित मागे घेतला.

गोपाळला आयुष्यात कधी एवढा वेळ मिळाला नव्हता. भांडं खाली ठेवता आलं असतं. 'नाही' म्हणता आलं असतं. पण पंगत अर्ध्यावर होती, ताटात अन्न होतं, आणि वाढणाऱ्यानं जेवणाऱ्याचा घास कडू करायचा नसतो हे त्याच्या हाडात होतं.

"चालेल की," तो म्हणाला. "माझी तशीही रजा संपत आली आहे. साहेब, तूप?"

त्यानं वाढलं. धार बारीक होती, कुठे सांडली नाही.

शेवटच्या पंगतीला मीना, तो आणि स्वयंपाकीणबाई बसली तेव्हा पुरणपोळ्या संपल्या होत्या. कटाची आमटी आणि भात होता. मीनानं आत सगळं ऐकलं होतं. घरी जाताना स्कूटरच्या मागच्या सीटवरून ती फ्रीगंजच्या पुलावर म्हणाली, "निदान भांडं तरी खाली ठेवायचं होतं."

"साहेबांच्या ताटात पोळी कोरडी होती गं."

"अहो, तुमचं अख्खं ताट उचललं त्यांनी."

महिन्याभरात इंदूरच्या स्टुडिओत त्याला बसवलं. एक थाप मारायची, ती पूर्ण विरेपर्यंत थांबायचं, मग दुसरी. डाव्या पुडीचा घुमारा वेगळा, उजवीची चाट वेगळी. बोटाचा, तळव्याचा, ओलसर, कोरडा, एकेक बोल सुटा. मशीनवाला म्हणाला, बस, झालं. गोपाळच म्हणाला, "तो तिसरा पुसा. हलका आला. परत देतो." दुपार उतरली तरी तो देत होता. आपल्या मुलाला परगावी पाठवताना बाप डबा भरून देतो, तसे त्यानं बोल भरून दिले. तुषार काचेपलीकडे बसून होता. बाहेर चहा पिताना तो म्हणाला, "दादा, एवढे चांगले द्यायची गरज नव्हती." गोपाळला ते कौतुक वाटलं.

सीडी निघाली आणि एक गाणं चाललं. फ्रीगंजातल्या कपड्यांच्या दुकानांत लागायचं, लग्नाच्या वरातीत बँडवाले वाजवायचे. ढोलक तोच होता, पण आता तो थांबत नव्हता. गिटारला त्याच्या श्वासावर थांबावं लागत नव्हतं, कारण श्वासच नव्हता. लोकांना नाचायला ते बरं पडायचं. शेजारचे एकजण म्हणाले, "बिडवई, तुमच्या त्या पोरांनी नाव काढलं हो. तुम्ही पण पहिले जायचात ना त्यांच्यात?"

"जायचो," गोपाळ म्हणाला.

अनय मुंबईला गेला. दिवाळीला आला की मिठाईचा डबा घेऊन यायचा, वाकून नमस्कार करायचा. "दादा, पुढच्या टूरला तुम्हालाच घेऊन जाणार. लाइव्हची मजा वेगळी. बस, एवढं कॉन्ट्रॅक्ट संपू दे." गोपाळनं ते धरून ठेवलं. भजनी मंडळाचं बोलावणं आलं की तो म्हणे, कुठल्याही दिवशी फोन येईल, मधेच सोडावं लागलं तर बरं दिसणार नाही. मंडळानं काही गुरुवार वाट पाहिली, मग ढोलकवर एका शिक्षकाला बसवलं. बसवल्यावर कोण उठवतो?

दुसऱ्या सीडीत गिटार पुन्हा मोठी झाली, त्या वेळी तेच चालत होतं. तिसरीत गिटार जवळजवळ नव्हती, सगळा विजेचा धडधडाट, आणि तुषारच्या विहिरीच्या गाण्याचं दीड ओळीचं तुणतुणं करून ते शंभरदा फिरवलेलं. मग जाहिरातींच्या चाली, मग देवीच्या जागरणाची कॅसेट. नाव 'गेरू'च होतं. जयूनं दोन हजार एक साली बँड सोडला आणि इंदूरला शाळेत संगीत शिकवू लागली. जायच्या आधी ती गोपाळकडे आली.

"दादा, त्या दिवशी मीही जेवतच राहिले," ती म्हणाली. "पण तुम्ही एकदा तरी भांडा हो त्याच्याशी."

"घरातल्या घरात काय भांडायचं, जयू?"

"घर त्याचं आहे, दादा. तुम्ही तिथे कामाला होतात."

हे त्याला मीनाच्या कुठल्याही टोमण्यापेक्षा जास्त लागलं. त्यानं जयूला चहा दिला, फाटकापर्यंत पोहोचवलं, आणि नंतर बरेच दिवस तिचं नाव काढलं नाही. तरी घरातला फोन वाजला की तो पहिल्या घंटीला उठायचा.

दोन हजार चारच्या सिंहस्थात तो फोन खरंच आला. नदीपलीकडच्या मैदानावर मोठ्या स्टेजवर कार्यक्रम होते. ठरवणाऱ्यांनी अनयला सांगितलं होतं की मातीतलं काहीतरी हवं. "दादा, या वेळी तुमच्याशिवाय नाही," अनय म्हणाला. "ढोलक घेऊन या. कुर्ता गेरूआ घाला."

गोपाळनं ढोलकच्या दोन्ही पुड्या बदलल्या, दोऱ्या नव्यानं कसल्या, रोज संध्याकाळी गच्चीवर हात घातला. सत्तेचाळिशीचा हात जड झाला होता, पण आठवड्याभरात सुटायला लागला. मीनानं कुर्ता स्वतः रंगवला. तिनं टोमणाही मारला नाही, आणि त्यावरून तिलाही किती वाटतंय ते त्याला कळलं.

सरावाला कुणी बोलावलं नाही. कार्यक्रमाच्या दिवशी, वैशाखाचं ऊन उतरताना, तो स्टेजमागे पोहोचला. अनय पाहुण्यांबरोबर होता. तुषार आला, जाडा झाला होता. त्यानं गोपाळचा हात धरून एका स्पीकरच्या आड नेलं.

"दादा, एक सांगायचं राहिलं. तुमच्यासमोर माइक आहे, पण तो जोडलेला नाही."

"बिघडलाय का? मी थांबतो, घ्या दुरुस्त करून."

"बिघडलेला नाही. आता सगळं कॉम्प्युटरवरून जातं. मध्ये लाइव्ह घेतलं तर मागचं-पुढचं होतं. तुम्ही वाजवा ना, मनापासून वाजवा. ऐकू येईल ते तुमचंच आहे. इंदूरला घेतलं होतं ते."

"म्हणजे मी माझ्या साथीला बसायचं."

"मी म्हटलं होतं अनयला, की आधी सांग दादांना," तुषार म्हणाला. "तो म्हणाला, दादांचं काही नसतं."

परत फिरता आलं असतं. पण भय्यासाहेब पहिल्या रांगेत काठी टेकून बसले होते, मीना बायकांच्या बाजूला गर्दीत कुठेतरी होती, आणि निवेदकानं 'गेरू'चं नाव घेतलं होतं. भरल्या मांडवातून घरचा माणूस उठून गेला तर काय दिसतं? तो जाऊन बसला.

पहिल्या गाण्याला त्यानं वाजवलं. भोंग्यांतून येणारा ढोलक स्वच्छ होता, तरणा होता. मांडीवरचा त्याच्यापेक्षा अर्धा श्वास मागे पडत होता. तो गाठायला गेलं की निसटायचा. ज्या हातानं ते बोल दिले होते तोच हात त्यांच्यामागे धापा टाकत होता. दुसऱ्या गाण्याच्या मध्यावर त्यानं वाजवणं थांबवलं. आधी उजवा हात उचलला, मग डावा, आणि दोन्ही गुडघ्यांवर ठेवले.

ढोलक वाजत राहिला. समोर लोक नाचत होते. कीबोर्डवरच्या नव्या मुलीनं पाहिलं नाही, तुषारनं पाहिलं आणि मान खाली घातली. अनय माइक हातात घेऊन वळला, आणि गाणं न थांबवता ओरडला, "ढोलक पर, उज्जैन की माटी के लाल, हमारे घर के बुजुर्ग, हमारे दादा। जोरदार तालियां।"

टाळ्यांचा लोट आला. भय्यासाहेबांनीही काठी मांडीवर आडवी ठेवून टाळ्या वाजवल्या. माणसांना उत्तर द्यायला हवं म्हणून गोपाळनं दोन्ही हात जोडले. हात जोडलेले होते, नमस्कार चालला होता, आणि भोंग्यांतून ढोलकची जलद लग्गी जोरात सुटली होती. कुणाला काही खटकलं नाही. टाळ्या आणखी वाढल्या.

कार्यक्रम संपल्यावर तो ढोलक खांद्याला लावून बॅरिकेडशी उभा राहिला. गर्दीतून मीना आली, पदर धुळीनं माखलेला, चेहरा लाल. एवढी खुललेली त्यानं तिला कितीतरी वर्षांत पाहिली नव्हती.

"अहो, तुम्ही काही दिसला नाहीत, मधे तो मेला स्पीकर. पण हात काय चालला आज. मी शेजारच्या बाईला सांगितलं, हे आमचे. माझी उगाच जीभ चालायची इतकी वर्षं."

गोपाळनं ढोलकचा पट्टा दुसऱ्या खांद्यावर घेतला.

"नीट ऐकू येत होतं?"

"नीट म्हणजे? एकही थाप चुकली नाही."

"बरं," तो म्हणाला, आणि दोघं टेम्पो शोधायला पुलाकडे निघाली.